न दिसलेला घोडा

चाळीच्या गॅलरीत किंवा देवळाच्या पारावर बुद्धिबळाचा डाव रंगला की खेळणारे दोन असतात आणि बघे चार. आणि गंमत अशी, की अक्कल बघ्यांनाच जास्त असते. ज्याला स्वतःच्या डावात वजीर सांभाळता येत नाही, तोसुद्धा दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकून म्हणतो, "अरे, घोडा बघ ना!" राग यासाठी येतो, की पुष्कळदा तो घोडा खरंच तिथे असतो. डावातला माणूस दहा मिनिटं त्याच पटाकडे टक लावून बसलेला असतो आणि त्याला तो दिसलेला नसतो. चहाचा कप हातात घेऊन नुकत्याच आलेल्याला मात्र दिसतो.

आपण म्हणू, पारावरचा खेळ तो, चालायचंच. पण हाच प्रकार जगज्जेतेपदाच्या लढतीत झाला तर? तोही एकाच चालीच्या अंतराने, समोरासमोर बसलेल्या दोघांच्याही बाबतीत?

सोचीतली सव्विसावी चाल

१५ नोव्हेंबर २०१४. रशियातलं सोची शहर. पटाच्या एका बाजूला विश्वनाथन आनंद, वय ४४. दुसऱ्या बाजूला नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन, चोविसावा वाढदिवस पंधरा दिवसांवर आलेला. आदल्याच वर्षी चेन्नईत कार्लसनने आनंदकडून जगज्जेतेपद घेतलं होतं. ते परत मिळवायला आनंद आव्हानवीरांची स्पर्धा जिंकून पुन्हा समोर बसला होता. बारा डावांची लढत. पाच डाव झालेले, दोघांनी एकेक जिंकलेला, बाकीचे बरोबरीत. गुण २.५–२.५.

सहाव्या डावात पांढरी मोहरी कार्लसनकडे होती. नवव्या चालीलाच दोन्ही वजीर पटावरून उतरले आणि डाव रुक्ष वळणावर गेला. पांढऱ्याकडे जागा जास्त, काळ्याकडे कमी. अशा स्थितीत काळ्याने करायचं ते एकच : दारं-खिडक्या बंद करून आत बसायचं आणि बाहेरचा थकायची वाट पाहायची. आनंद तेच करत होता. कार्लसन घाई न करता भिंती चाचपत होता.

सव्विसाव्या चालीला कार्लसनने आपला राजा एक घर तिरका पुढे घेतला. दिसायला निरुपद्रवी चाल. पण जगभर हा डाव संगणकाच्या मदतीने पाहणाऱ्यांच्या पडद्यावरचा आकडा एकदम उलटला. इतका वेळ पांढऱ्याकडे झुकलेला काटा काळ्याकडे गेला. चाल करताच कार्लसनलाही ते कळलं. आता काही करता येत नव्हतं. आनंदने साधारण मिनिटभर विचार केला आणि पटाच्या दुसऱ्याच टोकाचं एक प्यादं पुढे ढकललं. ते ढकलल्यावर त्यालाही कळलं.

हातची संधी गेली ती गेली. पुढचा खेळ आनंदकडून विस्कळीत झाला आणि अडतिसाव्या चालीनंतर त्याने डाव सोडला. ती आघाडी मग तुटली नाही. २३ नोव्हेंबरला अकराव्या डावात कार्लसनने लढत ६.५–४.५ अशी संपवली.

मराठीत मोठ्या चुकीला घोडचूक म्हणतात. इथे तर ती अक्षरशः घोड्याचीच होती.

एक घर सरकलेला राजा

पट डोळ्यांसमोर आणू. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच अशी नावं, आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे. पांढऱ्याचा एक हत्ती जी४ वर उभा आहे. त्याच पट्टीत, वरच्या टोकाला जी८ वर, काळ्याचा हत्ती. दोघे समोरासमोर, पण मधे जी६ वर काळ्याचाच घोडा. म्हणजे दोन भांडखोर शेजारी, आणि मधे दार लावलेलं.

घोडा बाजूला झाला की दार उघडतं. आता तो बाजूला होऊन जातो कुठे, तर ई५ वरचं पांढरं प्यादं मारतो. फुकट? नाही. कारण पांढऱ्याचा दुसरा हत्ती एच५ वर आहे आणि त्याच आडव्या ओळीतून त्याचा ई५ वर डोळा आहे. पांढऱ्याने लगेच या हत्तीने घोडा मारला, तर काळा जी४ वरचा हत्ती मारतो; हा सौदा पांढऱ्याला महाग. म्हणून पांढरा आधी जी८ वरचा हत्ती मारणार. काळ्याने आपल्या दुसऱ्या हत्तीने तो परत मारला, की मग पांढरा सावकाश ई५ वरचा घोडा खाणार. हिशेब पांढऱ्याच्या फायद्याचा.

काळ्याला यातून सुटायला हवी असते एक मधली चाल. म्हणजे असं काही, की आधी समोरच्याला त्याचं उत्तर द्यावंच लागेल आणि तेवढ्यात घोडा धोक्याच्या घरातून निघून जाईल. बुद्धिबळात अशी सक्ती करणारी सर्वांत सोपी चीज म्हणजे शह. भाजीच्या दुकानात हिशेबाची घासाघीस चालू असताना कुणी ओरडलं, "अहो, तुमच्या स्कूटरला कुणी हात लावतोय!" तर घासाघीस तशीच टाकून आपण धावतो. शह म्हणजे ती आरोळी.

राजा सी१ वर होता तोवर ही आरोळी पोकळ होती. ई५ वरून घोडा डी३ वर जाऊन शह देऊ शकत होता, पण तिथे सी२ वरचा पांढरा उंट त्याला गिळायला तयार. राजा डी२ वर आला आणि सगळं बदललं. आता घोडा सी४ वरचं दुसरं प्यादं मारतो आणि तिथूनच राजाला शह बसतो. सी४ वर उंट पोचत नाही. राजा हलतो, त्या घोड्यावरच चालून जातो, तर घोडा बी२ वर उडी मारून पुन्हा शह देतो. राजा पुन्हा हलतो. आणि मग काळा निवांतपणे आपल्या हत्तीच्या बदल्यात पांढऱ्याचा हत्ती उचलतो. दोन प्यादी खिशात, घोडा जिवंत, डाव काळ्याच्या हातात.

वाचायला परिच्छेद लागला, पण बघायला गेलं तर युक्ती लहान आहे. क्लबमधल्या बऱ्या खेळाडूला "काळ्याची चाल, काळा जिंकतो" असं सांगून ही स्थिती दाखवली, तर तो ती शोधून काढेल. मग पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या माणसाला ती का दिसू नये? आणि त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्याला राजा हलवण्याआधी का दिसू नये?

चोवीस आकडे

याचं उत्तर शोधायला आधी हे पाहावं लागतं, की असे खेळाडू एरवी इतकं कसं बघतात.

हे आकडे एकदा वाचा आणि मान फिरवून म्हणून दाखवा : १५०८१९४७२६०११९५००१०५१९६०.

चोवीस आकडे, बहुतेकांना जमणार नाही. आता तेच असे पाहा : १५ ऑगस्ट १९४७, २६ जानेवारी १९५०, १ मे १९६०. शाळेतल्या मुलालाही आता ते उद्या सकाळीसुद्धा आठवतील. आकडे तेच आहेत. फक्त चोवीस सुट्या दाण्यांच्या जागी तीन ओळखीच्या माळा आल्या.

अमेरिकेतले विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये हेच बुद्धिबळाच्या पटावर दाखवलं. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग रिकाम्या पटावर ती मांडायला सांगायची. पटावर दोन डझनांच्या आसपास मोहरी. नवखा खेळाडू पहिल्या झटक्यात चारेक बरोबर मांडायचा, निष्णात खेळाडू सोळाच्या आसपास. वाटतं, काय ही स्मरणशक्ती! पण मग त्यांनी मोहरी पटावर कशीही विखरून टाकली आणि तोच प्रयोग केला. निष्णात खेळाडूची जादू जवळजवळ संपली. तोही नवख्यासारखाच चाचपडू लागला.

म्हणजे त्याच्याकडे जास्त स्मरणशक्ती नसते, जास्त ओळखी असतात. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, शेजारचा हत्ती हे त्याच्यासाठी पाच मोहरे नसतात, एक शब्द असतो. सायमन यांच्या अंदाजाने अव्वल खेळाडूच्या डोक्यात असे दहा हजारांपासून एक लाखापर्यंत 'शब्द' असावेत. आपण 'बुद्धिबळ' हा शब्द वाचताना ब, उकार, जोडाक्षर असं कुठे वाचतो? एका नजरेत वाचतो.

आणि म्हणूनच छापलेल्या मजकुरातल्या चुका लेखकाला दिसत नाहीत. त्याला शब्द माहीत असतो, त्यामुळे तो कागदावरचा वाचत नाही, डोक्यातला वाचतो. जुने मुद्रितशोधक मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे तपासत, ते याचसाठी. ओळख तुटली की डोळे उघडतात.

न बघण्याची कला

दुसरी गोष्ट आकड्यांचीच. डावाच्या मध्यावर एका खेळाडूला साधारण तीसेक चाली करता येतात असं धरू. प्रत्येकीला समोरच्याची तीस उत्तरं, म्हणजे ९०० शक्यता. त्यावर आपल्या तीस, झाल्या २७,०००. त्यावर पुन्हा समोरच्याच्या तीस, आठ लाख दहा हजार. दोघांच्या दोन-दोन चालींत हे झालं. हाडामांसाच्या डोक्याला एवढं चाळणं शक्य नाही.

मग मोठे खेळाडू काय करतात? हा प्रश्न नेदरलंड्सचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान डी ग्रूट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास हाताळला. ते स्वतः चांगले खेळाडू होते. अलेखाइन, यूवे, केरेस अशा दिग्गजांपुढे त्यांनी एक स्थिती ठेवली आणि सांगितलं, मोठ्याने विचार करा. अपेक्षा अशी, की दिग्गज दहा-पंधरा चाली पुढचं बघत असतील आणि साधे चांगले खेळाडू तीन-चार. तसं काही निघालं नाही. दिग्गज फारसं खोल बघत नव्हते, फार जास्त चालीही तपासत नव्हते. ते सुरुवातच योग्य चालीपासून करत होते. वाईट चाली त्यांनी 'नाकारल्या' असंही म्हणता येणार नाही, कारण त्या त्यांच्या मनात आल्याच नाहीत.

मंडईत रोज जाणारी गृहिणी वांग्याच्या ढिगातलं प्रत्येक वांगं उलटून पाहत नाही. तिचा हात सरळ चार चांगल्या वांग्यांकडे जातो. बाकीची साठ तिने पाहिलीच नाहीत, आणि त्यातच तिचं कौशल्य आहे. कधीतरी त्या साठात एक सर्वोत्तम वांगं असतं. ते नवख्या नवऱ्याच्या हाती लागतं आणि तो वर्षभर त्याचा दाखला देत बसतो.

मला या सगळ्या विषयात हे सर्वांत विलक्षण वाटतं. आपण समजतो, तज्ज्ञाला जास्त दिसतं. खरं तर त्याला कमी दिसतं, पण नेमकं ते दिसतं. सोचीतली चूक त्याच्या कौशल्यातलं भोक नव्हती, त्याच कौशल्याची दुसरी बाजू होती.

चौकट : घागरींचा खेळ

तीन घागरी आहेत. पहिलीत २१ लिटर पाणी मावतं, दुसरीत १२७, तिसरीत ३. बरोबर १०० लिटर मोजून काढायचं आहे. उत्तर : दुसरी भरा, तिच्यातून एकदा पहिली भरा आणि दोनदा तिसरी. १२७ वजा २१ वजा ६, शंभर.

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये लोकांना एकामागून एक अशी कोडी घातली, सगळी याच रीतीने सुटणारी. मग हळूच हे कोडं पुढे केलं : घागरी २३, ४९ आणि ३ लिटरच्या, हवंय २० लिटर. पुष्कळांनी सरावाने तीच रीत लावली : ४९ वजा २३ वजा ६, वीस. उत्तर बरोबर. पण २३ मधून ३ काढले तरी वीसच उरतात, हे त्यांना दिसलं नाही. ज्यांना आधीची कोडी घातली नव्हती, ते लगेच सोपी वाट धरत.

डोळे खोटं बोलत नाहीत

ही घागरीची सवय पटावरही लागते का? मेरिम बिलालिच, पीटर मॅकलाउड आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी २००८ मध्ये हे फार चतुराईने तपासलं. त्यांनी खेळाडूंपुढे अशी स्थिती ठेवली, जिच्यात एक प्रसिद्ध मात दडलेली होती : राजाला त्याच्याच मोहऱ्यांनी कोंडायचं आणि घोड्याने मारायचं. प्रत्येक मुरलेल्या खेळाडूला ती पाठ असते. पण त्याच पटावर दुसरी, कमी चालींत होणारी मातही होती, तितकी ओळखीची नसलेली.

खेळाडूंनी ओळखीची मात पटकन शोधली. त्यांना सांगितलं, यापेक्षा लवकर होणारी आहे का पाहा. ते म्हणाले, पाहतोय. आणि ते मनापासून पाहत होते. पण त्यांची नजर कुठे जाते हे यंत्र टिपत होतं. नजर पुन्हा पुन्हा त्याच घरांवर जात होती, जी पहिली मात करण्यासाठी महत्त्वाची होती. डोक्यात एक चांगला विचार बसला होता आणि तो डोळ्यांना आपल्याच कामाची घरं दाखवत होता. पटावरून ओळखीची मात काढून टाकली, तेव्हा त्याच खेळाडूंना दुसरी सहज सापडली. खेळाडू जितका वरच्या दर्जाचा, तितका हा फास सैल होत गेला, हेही या संशोधनातून दिसलं.

आता सोचीकडे परत. आनंदच्या डोक्यात त्या क्षणी काय बसलेलं असावं? बचाव. त्याचा विचार ए पट्टीतल्या प्याद्याभोवती फिरत होता, आणि पुढच्या दोन चालींत त्याने तेच प्यादं पुढे नेलं. नजर पटाच्या डाव्या कडेला, संधी उजव्या बाजूला. त्यात, जो तासभर दारं लावून बसलाय त्याला 'आपण हल्ला करू शकतो' हा प्रश्नच सुचत नाही. नंतर पत्रकारांशी बोलताना आनंदने अशा अर्थाचं सांगितलं, की भेट मिळेल अशी अपेक्षाच नसेल तर समोर आलेली भेटही माणूस उचलत नाही. मला वाटतं, प्रयोगशाळेबाहेर या फासाचं इतकं नेमकं वर्णन क्वचितच कुणी केलं असेल.

कालचा पट

यात आणखी एक धागा आहे, आणि या डावाच्या बाबतीत मला तो सर्वांत पटतो.

निकोलाय क्रोगिउस हे सोव्हिएत ग्रँडमास्टर पेशाने मानसशास्त्रज्ञ. १९७२ मध्ये रेक्याविकला जगज्जेतेपदासाठी फिशरशी खेळायला गेलेल्या स्पास्कीच्या पथकात ते होते. खेळाडूंच्या चुका गोळा करून त्यांचे प्रकार पाडताना त्यांनी एक प्रकार वेगळा काढला : मागे राहून गेलेलं चित्र. खेळाडूच्या मनात पटाचं एक चित्र असतं. पट बदलतो, चित्र पूर्ण बदलत नाही. जुन्या चित्रातला एखादा तुकडा तसाच राहतो आणि माणूस त्याच्या भरवशावर चाल करतो. घरातल्या घड्याळाची जागा बदलली तरी आठवडाभर आपली मान जुन्याच भिंतीकडे वळते, तसं.

सोचीच्या डावातल्या चाली मागे जाऊन पाहा. तेविसाव्या चालीला पांढऱ्याचा हत्ती जी४ वर आला, तेव्हा दोन हत्ती, मधला घोडा, सी२ वरचा उंट ही सगळी मांडणी तयार होती. फक्त राजा सी१ वर होता. पुढच्या दोन चालींत कार्लसनचा उंट मागे गेला आणि परत आला. आनंदचा हत्ती बाजूला गेला आणि परत आला. दोघे जागच्या जागी पाय हलवत होते. म्हणजे जवळपास हीच स्थिती पुन्हा समोर आली. त्या वेळी घोड्याने ई५ चं प्यादं मारणं खरोखरच वाईट होतं. असल्या दर्जाच्या खेळाडूने ते कधीतरी तपासून 'चालत नाही' असा शिक्का मारला असणार. कार्लसननेही मारला असणार. मग राजा एक घर हलला आणि शिक्का रद्द झाला. पण शिक्क्यावर तारीख नसते.

यावर आणखी एक थर असतो, विश्वासाचा. हीच चाल एखाद्या शाळकरी पोराने केली असती, तर आनंदने पहिल्यांदा 'फुकट काही मिळतंय का' हेच पाहिलं असतं. समोर कार्लसन असताना तो प्रश्न मनात येत नाही. मोठ्या दुकानातल्या बिलाची बेरीज आपण तपासतो का?

मोठ्यांची यादी

अशा चुकांची वंशावळ घरंदाज आहे. १८९२ साली हवानाला स्टाइनिट्झविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत चिगोरिन वरचढ स्थितीत होता. बचावाला उभा असलेला उंट त्याने स्वतःच हलवला आणि दोन चालींत मात ओढवून घेतली. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅमला पेट्रोस्यानने ब्रॉन्स्टाइनला पुरतं जखडलं होतं. काळ्याचा फक्त घोडा इकडून तिकडे फिरत होता, बाकी हालचाल शून्य. त्याच घोड्याने वजिरावर हल्ला केला आणि पेट्रोस्यानने तो तसाच राहू दिला. हा पेट्रोस्यान पुढे सात वर्षांनी जगज्जेता झाला, आणि त्याची ख्याती होती ती धोका आधीच हुंगण्याबद्दल.

२००६ साली बॉनला संगणकाशी खेळताना जगज्जेत्या क्रॅमनिकने एका चालीतली मात पाहिली नाही. त्यावर जाणकारांनी दिलेलं एक स्पष्टीकरण मोठं रंजक आहे. एच७ वर वजिराने मात देताना त्याला आधार देणारा घोडा बहुतेक वेळा जी५ वर असतो. हजारो डावांत तसंच दिसतं. त्या दिवशी तो एफ८ वर होता. शब्द तोच, पण अनोळखी लिपीत लिहिलेला.

बघ्याला का दिसतं

आता पारावरच्या त्या चहावाल्याचा न्याय करू. त्याला दिसतं, कारण त्याच्या डोक्यात कालचा पट नाही. तो नुकताच आलाय, त्याने कसलेच शिक्के मारलेले नाहीत. त्याची कुठली योजना नाही, त्यामुळे नजर कुठेही फिरते. हरण्याची भीती नाही. आणि न दिसलेल्या पन्नास वेळा तो गप्प बसतो हेही विसरू नये. आपल्याला त्याचं एकावन्नावं बोलणं तेवढं आठवतं.

संगणकासमोर बसलेल्या प्रेक्षकाचं तर काम आणखी सोपं. आकडा उलटला की त्याला कळतं, इथे काहीतरी आहे. 'काहीतरी आहे' हे कळणं म्हणजे अर्धं उत्तर. कोड्याच्या पुस्तकात चित्राखाली 'पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात' असं लिहिलेलं असतं. ती ओळच निम्मं कोडं सोडवते. खऱ्या डावात पटाखाली असं काही लिहिलेलं नसतं. पाच तासांच्या डावातल्या चाळीस-पन्नास चालींपैकी कुठल्या चालीला थांबून सगळं नव्याने तपासायचं, हे खेळाडूचं त्यालाच ठरवावं लागतं. प्रत्येक चालीला तपासत बसला तर घड्याळ त्याला हरवतं.

यावर उपाय काढायचे प्रयत्न झाले. बेन्यामिन ब्लुमेनफेल्ड या सोव्हिएत खेळाडूचा सल्ला ग्रँडमास्टर कोतोव यांच्या पुस्तकामुळे जगभर पोचला : चाल ठरली की लगेच करू नका. आधी ती कागदावर लिहा, मग मिनिटभर पटाकडे नवशिक्याच्या डोळ्यांनी पाहा. मला कुणी मारतंय का, शह बसतोय का, एवढंच. लिहिण्याने विचारांची साखळी तुटते, माणूस डोक्यातल्या पटावरून समोरच्या पटावर येतो. मुद्रितशोधकाचं उलटं वाचणं ते हेच. कित्येक पिढ्या हा सल्ला पाळत आल्या. पण पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने नियमच केला : चाल आधी करायची, नंतर लिहायची. आधी लिहून खोडत बसणं म्हणजे टिपणं काढण्यासारखं आहे, असा आक्षेप होता. आक्षेप समजतो, पण मला तो थोडा कंजूष वाटतो. आता प्रशिक्षक मुलांना सांगतात, हात मांडीखाली ठेव. हात लावला तो मोहरा चालवलाच पाहिजे असा नियम असल्यामुळे या साध्या युक्तीला किंमत आहे.

सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४

सोचीनंतर दहा वर्षांनी जगज्जेतेपदाच्या लढतीत पुन्हा असा एक क्षण आला. शेवटचा, चौदावा डाव. गुण ६.५–६.५. चीनचा डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी, समोर अठरा वर्षांचा दोम्माराजू गुकेश. पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट आणि मोजकी प्यादी. गुकेशकडे एक प्यादं जास्त. डाव बरोबरीकडे चालला होता.

पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला. हत्ती घे, माझाही घेतो, असा तो सौदा. पण त्याचा उंट ए८ वर, पटाच्या अगदी कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाला बाहेर पडायला एकच तिरकी वाट असते. हत्ती गेले, की काळ्याचा उंट त्याच वाटेवर येऊन उभा राहणार, आणि मग उंटाला उंट दिल्यावाचून सुटका नाही. मागे उरणार राजे आणि प्यादी, त्यात काळ्याचं एक जास्त.

गुकेशलाही हे पहिल्या क्षणी दिसलं नव्हतं. तो हत्तीची दुसरीच एक चाल करायच्या बेतात होता, असं त्याने नंतर सांगितलं. पण त्याने पटावर हात नेला नाही. बघत राहिला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या उंटावर गेली, आणि त्याने हत्तीने हत्ती मारला. तीन चालींनंतर डिंगने हात पुढे केला.